बाकी आठ

संपादक मंडळातल्या मित्राने "मराठी विभागासाठी दोन पानं दे" असं सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला सांगतोय का ते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी घरात बोलायची आणि दहावीपर्यंत पास होण्यापुरती लिहायची, एवढाच आमचा संबंध. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर ते माझे, बरोबर असतील तर प्रूफ तपासणाऱ्या ज्युनियरचे. पण ज्या विषयावर लिहायचंय तो इंग्रजीत लिहिलाच नसता, कारण तो सगळा मराठीतच घडला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चौथीच्या मुलांना गणित शिकवायचं असेल तर त्यांच्याकडून सहल आखून घ्यावी. आणि आखून घेतली तर ती काढावीच. पहिल्या वाक्याला सगळे माना डोलवतात. भांडण दुसऱ्या वाक्याचं आहे.

आपल्या एनएसएसचे आम्ही चार-पाच जण दर शनिवारी जवळच्या एका महापालिका शाळेत चौथीच्या वर्गाला गणित शिकवायला जातो. (हो, सर्टिफिकेट मिळतं. सुरुवातीला मी सर्टिफिकेटसाठीच गेलो, खोटं कशाला बोलू.) वर्गात ३८ मुलं. कोणाची आई घरकामाला, कोणाचे बाबा रिक्षावाले, कोणाचे एपीएमसी मार्केटात माथाडी. मी पहिल्या दिवशी फुल तयारीनिशी गेलो आणि पाचव्या मिनिटाला आपटलो. फळ्यावर ७९ लिहून "एकोणनव्वद" असं ठणकावून वाचलं. वर्ग हसून गडबडा लोळला. पुढच्या बाकावरच्या मुलीने मला शांतपणे समजावलं, "दादा, ऐंशीला एक कमी म्हणून एकोणऐंशी." वीस वर्षांचा झालो, एम-थ्री एका झटक्यात सोडवला, आणि हे मला नऊ वर्षांच्या मुलीकडून कळलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मी तेव्हा आठवीत होतो आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे विनोद मनापासून पुढे पाठवले होते. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सगळीकडे उत्तरं देत होत्या. त्या २०२३ साली गेल्या. आता मी त्यांच्या बाजूचा आहे हे त्यांना सांगायची सोय नाही, म्हणून इथे सांगतो.

असो. सहलीकडे येऊ.

सहलीची आयडिया माझी नव्हती, नेटवरची होती. 'ट्रिप प्लॅनिंग'ची एक तयार वर्कशीट मिळाली, रंगीत चित्रं, मस्त. गाडीने ऑर्लँडोला जायचं, इतके मैल, इतके गॅलन पेट्रोल, वाटेत मोटेल. मी मैलांचे किलोमीटर केले, डॉलरचे रुपये केले, ऑर्लँडोचं माथेरान केलं आणि ३८ झेरॉक्स काढल्या. मुलांनी चित्रं बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"दादा, खरंच नेणार?"

"नाही रे, समजा जायचंय."

'समजा' ऐकल्यावर वर्गाचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. तरी बिचाऱ्यांनी कागद भरले. एकाने हॉटेल ताज लिहून भाडं दहा रुपये टाकलं. एकीने विमानाने पन्नास रुपयांत अख्खं कुटुंब नेलं. मी लाल पेनने गोल करत बसलो. हॉस्टेलवर परत येताना लक्षात आलं की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ज्या गावाला जायचंच नाही तिथलं हॉटेल दहा रुपयांत काय, फुकटसुद्धा परवडतं. उत्तर चुकलं तर काय बिघडणार होतं? काही नाही. आणि ज्यात चुकून काहीच बिघडत नाही ते हिशेब कोण मन लावून करतो? आपण जर्नलमधली रीडिंग्ज कशी 'घेतो' ते आठवा.

नंतर शोधताना कळलं की एनसीईआरटीच्या २००७ साली आलेल्या चौथीच्या 'गणित का जादू' या पुस्तकात भोपाळच्या सहलीवर अख्खा धडाच होता. शाळेतली मुलं भीमबेटकाला निघतात, बस किती लागतील, कधी पोचतील, असं सगळं त्यात आहे. धडा खरंच चांगला आहे. पण नेरूळच्या मुलांसाठी भोपाळ हे पुन्हा एक 'समजा'च.

पुढच्या शनिवारी वर्गाच्या बाईंशी बोलताना आदल्या वर्षीच्या शाळेच्या सहलीचा विषय निघाला. एका रिसॉर्टला गेले होते, माणशी साडेआठशे रुपये. या वर्गातली १७ मुलं गेली. म्हणजे २१ राहिली. बाई म्हणाल्या, "पैसे नाहीत असं कोणीच म्हणत नाही हो. कोणाचं पोट दुखतं, कोणी मामाच्या गावाला जातं." सहलीच्या दिवशी त्या २१ पैकी १२ जण शाळेत आले होते. पोट दुखणारेसुद्धा. त्यांना दिवसभर चित्रं काढायला दिली होती.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातलं गणित एकदम बदललं. मोठ्या बाईंना (म्हणजे मुख्याध्यापिकांना) विचारलं, मुलांनीच आखलेली आणि सगळ्यांना परवडणारी एका दिवसाची सहल काढली तर? त्या अनुभवी आहेत, लगेच हो म्हणाल्या नाहीत. अटी घातल्या. पालकांची लेखी परवानगी. पाण्यात उतरायचं नाही. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. आणि बाई सोबत हव्यातच.

तिसरी अट मी शनिवारी फळ्यावर लिहिली आणि विचारलं, किती मोठी माणसं लागतील? भागाकार येणाऱ्यांनी पटकन केला. ३८ भागिले १०. भागाकार तीन, बाकी आठ.

"मग किती माणसं?"

"तीन."

"आणि आठ?"

"बाकी."

पुस्तकात बाकी खाली डावीकडे लिहितात, चौकोन करतात आणि पुढच्या उदाहरणाला जातात. इथे मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बाकी म्हणजे कोण राहणार?" हा मुलगा गेल्या वर्षी चित्रं काढणाऱ्या बारांपैकी एक होता, हे मला नंतर कळलं. वर्ग एकदम गप्प. मग तीन-चार जण एकदम ओरडले, "चार! चार माणसं लागतील!"

हा घोटाळा फक्त आपल्याकडे होतो असं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशपातळीवरच्या एका चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: लष्कराच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिक न्यायचे आहेत, बस किती लागतील? शंभरातल्या जवळजवळ सत्तर मुलांनी भागाकार अचूक केला. पण ३२ बस हे बरोबर उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं, '३१ बाकी १२'. आणि १८ टक्क्यांनी ३१ लिहून बारा सैनिकांना सरळ रस्त्यावर सोडलं. त्या मुलांना भागाकार येत नव्हता का? येत होता. बस कधी डोळ्यांसमोर आलीच नव्हती.

आपण हसायचं काही कारण नाही. आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटला ५३ जणांचे पैसे गोळा करून ४९ सीटची बस ठरवणाऱ्या थोर कमिटीत मी स्वतः होतो. चौघे जण पूर्ण प्रवासभर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून गेले. आम्ही सगळे भावी इंजिनियर.

आणि कधी कधी हे हसण्यावारी नेण्यासारखंही नसतं. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती. मोठ्या बाईंनी पाण्याची अट का घातली हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर मुलांनी ठिकाण शोधायला घेतलं. पहिलं नाव अर्थातच माथेरान. पण नेरूळहून नेरळ (या दोन नावांत एका मात्रेचा फरक आणि बाकी सगळा प्रवास) म्हणजे आधी ठाणे, तिथून कर्जत लोकल, मग वर चढायचं. वेळेच्या गणितात माथेरान बाद. घारापुरी पाण्यामुळे बाद. शिवाय आम्हाला सोयीचा सोमवार होता आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे एका मुलीने पेपरमधल्या माहितीवरून शोधून आणलं. वंडर्स पार्क सगळ्यांनी बघितलेलं. शेवटी कर्नाळा ठरलं. लोकलने पनवेल, तिथून एसटीने साधारण बारा किलोमीटर. पनवेलच्या पुढे हायवेवरून तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो, त्याच्या पायथ्याचं अभयारण्य.

मग पैसे. बजेट मुलांनीच ठरवलं, माणशी शंभर. गोळा करायची पद्धतही त्यांचीच. शाळेच्या दिवशी रोज एक रुपया, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचा गल्ला, शंभर दिवस. ३८ गुणिले १०० म्हणजे ३८००. जुलैत सुरू केलं तर दिवाळीची सुट्टी धरून डिसेंबरात पुरं होतं, हे कॅलेंडरवर मोजून काढलं. रविवार खोडताना एका गटाने दुसरे शनिवारही खोडले, दुसऱ्याने नाही. त्यावरून अर्धा तास भांडण. मी मध्ये पडलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मुलांना कॅलेंडरवरून भांडताना बघत होतो.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. म्हटलं, छान तक्ता करू, उभी नावं, आडव्या तारखा, रोज टिकमार्क. एक्सेलमध्ये टाकून ग्राफपण काढू. पुढच्या बाकावरची ती एकोणऐंशीवाली म्हणाली, "नावं नको."

"का? मग कोणी दिले, कोणी नाही ते कसं कळणार?"

"म्हणूनच नको."

मला कळायला दोन मिनिटं लागली. वर्गाला लगेच कळलं होतं. मग नियम असा झाला: जाता-येता डब्यात टाकायचा, एक असेल तर एक, दोन असतील तर दोन, नसेल तर नुसता हात घालून आवाज करायचा. शुक्रवारी सगळ्यांसमोर डबा मोजायचा आणि फक्त एकूण आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. शेजारी 'व्हायला हवे होते' तो आकडा. दोन्हींमधला फरक काढायचा. वजाबाकीचा इतका सराव त्या वर्गाने कुठल्याही धड्यात केला नसेल. हातच्याच्या चुका शुक्रवारी आपोआप पकडल्या जायच्या, कारण डब्यातलं चिल्लर खोटं बोलत नाही.

तिकिटांची चौकशी मुलांवर सोपवली. लोकलचं सोपं: नेरूळ ते पनवेल मोठ्यांना दहा, बाराच्या आतल्यांना पाच. एसटीचं मात्र दोन मुलांनी दोन वेगळे आकडे आणले. एकाने मावशीला विचारलं होतं, दुसऱ्याने स्टँडवर जाऊन कंडक्टरला. मावशीचा आकडा जुना होता, २५ जानेवारी २०२५ पासून एसटीची भाडेवाढ झाली ती तिच्या लक्षात नव्हती. वाढ किती, तर १४.९५ टक्के. पंधरा म्हणायला जीभ कचरते तसं, बाटाच्या चपलेच्या किमतीसारखं. टक्के चौथीला नाहीत, म्हणून 'शंभराला जवळजवळ पंधरा' एवढंच सांगितलं. मावशीचा आकडा घेऊन त्यांनी तो वाढवून बघितला आणि कंडक्टरच्या आकड्याजवळ आला तेव्हा मुलांना जो आनंद झाला! एकच गोष्ट दोन जणांनी वेगवेगळी सांगितली तर कोणाचं धरायचं, आणि का, हे मला तरी कोणी शाळेत शिकवलं नाही.

एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मुलांनाही अर्धं. म्हणजे बाई, माझी वर्गमैत्रीण, एक पालक-ताई आणि सगळी पोरं हाफ. फुल तिकीट फक्त माझं. हे लक्षात आल्यावर एकाने अत्यंत गंभीरपणे उभं राहून प्रस्ताव मांडला, "दादा नाही आले तर एकाच्या पैशात दोन जण जातील." गणित शंभर टक्के बरोबर होतं. सुदैवाने दहाला एक ही अट आडवी आली आणि मी वाचलो.

एका मुलाचं प्रकरण जरा नाजूक होतं. गावाहून उशिरा आल्यामुळे तो वर्गात सगळ्यांत मोठा, बारा पूर्ण. म्हणजे त्याला फुल तिकीट. दोघा-तिघांनी सुचवलं, अकराच सांगू, कंडक्टरला काय कळतंय. तो मुलगा उंचापुरा, कंडक्टरला नक्की कळलं असतं, पण मुद्दा तो नाही. मी काही बोलायच्या आधी त्यानेच सांगितलं, "मी फुल काढीन. मग मला मोठ्यांत धरा. पाच मोठे, सदतीस पोरं." तर्क बिनतोड होता. मोठ्या बाईंनी फेटाळला. जादाचे पैसे डब्यातून द्यायचे हे वर्गाने मतदान न घेता ठरवलं.

आता वडापाव, कारण माझा सगळ्यांत मोठा धडा वडापावात आहे. एका मुलीच्या आईची स्टेशनजवळ गाडी आहे. माणशी दोन, ४२ माणसं, ८४ वडापाव, आई बारा रुपयांना द्यायला तयार. मी त्या मुलीला फळ्यावर बोलावलं, ८४ गुणिले १२. तिने दोनने गुणलं, १६८. एकने गुणलं, ८४, आणि ते बरोबर १६८ च्या खाली, शून्य न देता मांडलं. बेरीज २५२. मी म्हटलं, "अडीचशे रुपयांत चौऱ्याऐंशी वडापाव दिलेस तर आई काय करेल?"

"मारेल."

"मग आईला किती घ्यायला सांगशील?"

तिने फळ्याकडे पाठ केली. "शंभराचे बाराशे. सोळा कमी करायचे. दहाचे एकशेवीस, सहाचे बहात्तर... एकशेब्याण्णव. एक हजार आठ." दहा सेकंद लागले असतील. फळ्यावर नापास आणि गाडीवर डिस्टिंक्शन, तीच मुलगी, तोच गुणाकार.

ब्राझीलमध्ये रेसिफी शहरात १९८५ साली रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांवर असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्या मुलांची धंद्यातली ९८ टक्के गणितं बरोबर आली, आणि तीच आकडेमोड कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. आपल्या खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथल्या संशोधकांनीही मुंबईतल्या वस्त्यांमधल्या, घरच्या धंद्यात हातभार लावणाऱ्या मुलांचं हे शाळेबाहेरचं गणित अभ्यासलं आहे. आणि २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर मोठा अभ्यास आला. बाजारातलं गणित शाळेत आपोआप येत नाही, आणि गंमत म्हणजे शाळेतल्या मुलांचं गणित बाजारात आपोआप जात नाही. दोन्हीकडून रस्ता बंद.

म्हणून सहल काढली की मार्क वाढतात असं मी म्हणणार नाही. आमच्या वर्गाचे सहामाहीत फार वाढले नाहीत. बाईंनी मला ते नीट ऐकवलंही. "तुम्ही शनिवारी येता. मला पोर्शन आहे, शिष्यवृत्तीचा अभ्यास आहे, निवडणुकीची ड्यूटी आली तर ती आहे. चौदा शनिवार एका सहलीत गेले." त्यांचं चुकतंय असं म्हणायची माझी छाती नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच फळ्यावर त्या मुलीची 'शंभरातून सोळा कमी' पद्धत लिहिली, शेजारी पुस्तकातली मांडणी लिहिली आणि शून्य कुठून येतं ते दाखवलं. दहा गुणिले चौऱ्याऐंशी म्हणजे दहा जणांना चौऱ्याऐंशी नव्हे का, मग ८४ कसे राहतील, ८४० झाले. सात-आठ चेहऱ्यांवर मला ट्यूब पेटलेली दिसली. हा पूल बाईंनी बांधला, सहलीने नाही. सहलीने फक्त दोन्ही काठ दाखवले.

पावाचं राहिलं. त्यांच्या बेकरीत लादीत सहा पाव, म्हणजे ८४ ला बरोबर चौदा लाद्या, बाकी शून्य. मी खूश. ती मुलगी म्हणाली, पंधरा सांगा. का? "एक तर पडतोच."

वेळेचं गणित करताना माझ्या फोनने स्टेशनपर्यंत चालायला अकरा मिनिटं सांगितली. एकाने शंका काढली, रांगेत पण अकराच? मग एका शनिवारी घड्याळ लावून सगळी रांग स्टेशनपर्यंत नेऊन आणली. चोवीस मिनिटं. सगळं वेळापत्रक मागे सरकवलं. एसटीचंही तसंच: शाळेच्या सहलींना अख्खी बस ठरवली तर एसटी निम्मी सवलत देते, पण एवढ्या जवळच्या अंतराला ती आम्हाला महाग पडत होती. आणि नेहमीच्या बसमध्ये ४२ जण एकदम मावणार नाहीत. मग दोन तुकड्या, प्रत्येकी एकोणीस मुलं आणि दोन मोठे. एकोणिसाला दोन, अट पाळली जाते का? जाते. हे मला पटवून द्यायला ते फार उत्सुक होते.

निघायच्या आधी डबा शेवटचा मोजला. ३५२७. दोनशे त्र्याहत्तर कमी. शांतता पसरली. कोणी कोणाकडे बघितलं नाही, नावं नव्हतीच ना. मग प्रस्ताववाल्या मुलाने पुन्हा हात वर केला. मोठ्यांनी आपापला खर्च आपापला करावा. चार जणांचं लोकल, एसटी, प्रवेश, वडापाव. हिशेब केला तर तूट भरून वर थोडे उरत होते. आम्ही चौघांनी मुकाट्याने पाकिटं काढली.

सहल झाली. ३८ च्या ३८ आले, पोट कोणाचंच दुखलं नाही. पक्षी म्हणाल तर चाळीस पोरांचा गलका ऐकून कोण थांबणार? एक कोतवाल दिसला, बाकी माकडं. पंधराव्या लादीची पिशवी माकडानेच पळवली. त्या मुलीने माझ्याकडे असं बघितलं की बस्स. परतीला दुसऱ्या तुकडीला एसटी वीस मिनिटं उशिरा मिळाली, ती वीस मिनिटं वेळापत्रकात 'उगाच' या नावाने ठेवलेली होती. 'उगाच' हा रकाना त्यांनीच घातला होता, मी तो खोडायला निघालो होतो.

शाळा सहल काढतेच. पैसे गोळा होतातच, बस ठरतेच, वेळापत्रक कोणीतरी करतंच. फक्त ते ऑफिसमध्ये होतं आणि मुलांच्या हातात शेवटी एक छापील चिठ्ठी येते: अमुक रुपये, अमुक तारखेपर्यंत. माझी मागणी एवढीच आहे की ते टेबल ऑफिसातून उचलून वर्गात ठेवा. वर्षातून एकदा. आणि किती पैशांची सहल काढायची हा पहिला प्रश्न मुलांना विचारा, कारण त्याचं उत्तर त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मी ज्या शाळेत शिकलो तिथे सहलीची चिठ्ठी आली की मी ती घरी द्यायचो आणि विसरायचो. वर्गात कोण आलं नाही हे मला कधी दिसलंच नाही, आणि गणितात मला नेहमी नव्वदच्या वर असायचे.

ताजी खबर अशी की सगळा खर्च जाऊन डब्यात १९७ रुपये उरलेत. ३८ ने भागले तर प्रत्येकी पाच आणि बाकी सात. पाच-पाच वाटायला वर्ग तयार नाही, सगळे म्हणतात पुढच्या सहलीला ठेवा. पण पुढच्या वर्षी ते पाचवीत, दोन तुकड्यांत विभागले जाणार. मग १९७ चे दोन भाग कसे करायचे यावर वाद चालू आहे आणि तो सुटेपर्यंत डबा माझ्या रूमवर आहे. रूम पार्टनरला आत्ताच सांगून ठेवतो, रात्री चहाला सुट्टे कमी पडले तर त्या डब्याला हात लावायचा नाही. दर शुक्रवारी मोजणी होते.